गजर लावून किती दिवस पाजायचं?

"कमी दिवसांचं बाळ आहे, वर्षभर रात्री दर दोन तासांनी उठवूनच पाज." काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळाच्या आईला हा सल्ला हमखास मिळतो. तो निम्माच खरा आहे.

सुरुवातीला गजर हवाच. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भारपणाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेलं बाळ पिताना लवकर दमतं, भूक असली तरी झोपून राहतं, आणि अंगात साठा कमी असल्याने रक्तातली साखर उतरू शकते. "भूक लागली की रडेल" हे या दिवसांत चालत नाही. रडणं ही तशीही भुकेची शेवटची खूण.

पण हे घड्याळ कायमचं नाही. बाळंतपणाची मूळ तारीख उलटली, वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढतंय, सहा-सात लंगोट ओले होताहेत आणि बाळ आपणहून जागं होतंय, की डॉक्टरांना विचारून गजर सैल करता येतो. एकदम बंद नव्हे. आधी रात्रीची एखादी वेळ लांबवायची, वजन पाहायचं, मग पुढची. (वजनकाटा दर वेळी तोच वापरा, नाहीतर उगाच धसका बसतो.)

मूठ तोंडाकडे नेली, मान वळवून शोधू लागलं, की पाजा. तोंड फिरवलं, की पुरे. बाटलीतलं उरलेलं संपवायचा हट्ट नको. रात्रीचं पाजणं याने बंद होत नाही, हेही आजीला सांगून ठेवा. आणि बाळ अचानक मरगळलं, प्यायलाच तयार नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.