बँकशाखा संकेतांक (आयएफएससी)

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत इलेक्ट्रॉनिक मार्गाने रक्कम पाठवताना ती कोणत्या शाखेत जमा व्हायची हे ओळखण्याचा अकरा स्थानांचा संकेत. 'इंडियन फायनान्शियल सिस्टिम कोड' या नावाची ही आद्याक्षरे. शेवटचा 'सी' कोडचाच असल्याने 'आयएफएससी कोड' ही द्विरुक्ती होय. ती आता रूढ आहे. रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस (२००४) व एनईएफटी (२००५) या बँकांमध्ये रक्कम पाठवण्याच्या प्रणालींत हा संकेत वापरतात.

पहिली चार रोमन अक्षरे बँकेची, अखेरची सहा स्थाने शाखेची. पाचव्या स्थानी शून्य असते. ते पुढील गरजेसाठी राखून ठेवले आहे. पुष्कळ बँका शाखेसाठी अंक वापरतात. बँक ऑफ बडोदाच्या संकेतांत तेथे बहुधा अक्षरेच आढळतात, म्हणून हे शून्य 'ओ' समजून लिहिण्याची चूक बडोद्याच्या खातेदाराकडून सहज होते.

या बँकेची चार अक्षरे बी-ए-आर-बी अशी आहेत. त्यांची फोड दोन प्रकारे लावता येते. 'बँक'मधील बी-ए आणि 'बरोडा'तील आर-बी ही एक. परंतु 'बरोडा'ची सुरुवात 'आर'ने होत नाही, त्यामुळे ती ओढाताणीची वाटते. 'बरोडा'ची पहिली तीन अक्षरे आणि त्यांमागे 'बँक'चा 'बी' ही फोड अधिक सरळ आहे. परदेशी व्यवहारांच्या स्विफ्ट संकेतातही या बँकेची पहिली चार अक्षरे हीच आहेत. तेव्हा ती तेथूनच आली असावीत. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १९०८ मध्ये बडोद्यात स्थापन झालेल्या या बँकेने शहराचे जुने इंग्रजी रूप संकेतात जपले आहे. शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, मराठी घरांत बडोदे राहिले. संकेताला दोन्हींचा स्पर्श नाही.

१ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक या बँकेत विलीन झाल्या. देना बँकेच्या शाखांना शून्यानंतर डी-बी, तर विजया बँकेच्या शाखांना व्ही-जे ही अक्षरे मिळाली. म्हणजे विलीन बँकांची खूण शाखेच्या भागात उरली. त्यांचे जुने संकेत १ मार्च २०२१ पासून बंद झाले.

धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेला नऊ अंकी एमआयसीआर संकेत याहून वेगळा. त्यात तीन-तीन अंक अनुक्रमे शहर, बँक व शाखा यांचे असतात. शहराचे अंक साधारणतः पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून घेतलेले असल्याने बडोद्याच्या धनादेशांवर ते ३९० आढळतात. पैसे पाठवताना हा संकेत चालत नाही.

काही लहान सहकारी बँका पुरस्कर्त्या मोठ्या बँकेमार्फत या व्यवस्थेत येतात. अशा ठिकाणी पहिली चार अक्षरे मोठ्या बँकेची असू शकतात. यूपीआयने पैसे पाठवताना संकेत सहसा लिहावा लागत नाही.