बदली कामगार: गिरणगावातील असुरक्षित रोजगाराची पार्श्वभूमी

नोकरीच्या अस्थैर्याने माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न आज माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कपातीमुळे चर्चेत असला, तरी मुंबईत तो कापड गिरण्यांइतकाच जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये सूतगिरणीची कंपनी स्थापन केल्यानंतर परळ-लालबाग परिसरात जी गिरण्यांची वस्ती वाढली, तिच्यात कायम कामगारांच्या जोडीला बदली कामगारांचा मोठा वर्ग तयार झाला.

बदली कामगाराने रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात हजर राहायचे. एखादा कायम कामगार आजारी पडला किंवा शिमग्या-गणपतीला गावी गेला, तर त्या दिवसापुरते काम मिळे, नाहीतर हात हलवत परतावे लागे. निवड जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हाती असल्याने त्याला दस्तुरी, म्हणजे काम मिळवण्यासाठीची लाच, द्यावी लागे. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरची ही सत्ता आणि कामगारांचा कर्जबाजारीपणा या दोहोंची नोंद घेतली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणून जॉबरच्या मर्जीला काहीसा आळा घातला खरा, पण उद्या काम मिळेल की नाही ही अनिश्चितता तशीच राहिली. राखीव मनुष्यबळ दारात उभे असणे मालकांच्या सोयीचेच होते. कमाईचा भरवसा नसला, तरी खानावळीचे पैसे, खोलीचे भाडे आणि गावची मनीऑर्डर मात्र थांबत नसे.

प्रत्यक्ष बेकारीइतकीच तिची टांगती तलवारही प्रकृती बिघडवते, हे संशोधनातून पुढे आले ते बऱ्याच नंतर. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात एका विभागाचे खासगीकरण होणार होते. अजून कोणाचीही नोकरी गेलेली नसताना, केवळ त्या चाहुलीच्या काळात, तेथील कर्मचाऱ्यांनी सांगितलेली स्वतःची प्रकृती इतर विभागांतील सहकाऱ्यांच्या तुलनेत ढासळल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्यांची अशी मोजणी कोणी हाती घेतली असती, तर निष्कर्ष फार वेगळा आला असता असे वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी ही चाहूल काही महिन्यांची नव्हे, तर वर्षानुवर्षांची होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही पुढे होती. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. बदली कामगारांना कायम करणे दूरच, कायम असलेल्या हजारो कामगारांच्याही नोकऱ्या गेल्या, आणि कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले, जिथे बहुतेकांच्या नोकरीला कायमपणाचा कागदच नव्हता.