टहॉस (न्यूयॉर्क)

टहॉस ही अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या एसेक्स काउंटीतली, ॲडिरॉन्डॅक डोंगरांत वसलेली आणि आता उठून गेलेली वस्ती. ती न्यूकम टाउनच्या हद्दीत येते. जुनी कागदपत्रे वाचताना घोटाळा होतो, कारण हे नाव तीन ठिकाणांना लावले गेले आहे: हेंडरसन सरोवराच्या दक्षिणेचा ‘अपर वर्क्स’ हा लोखंडाचा कारखाना व त्याची वस्ती, तिथून सुमारे १० मैल खालचे ‘लोअर वर्क्स’, आणि या दोहोंमध्ये सॅनफर्ड सरोवराजवळ १९४० च्या दशकात वसलेली खाणकामगारांची वसाहत. हेंडरसन सरोवरातून बाहेर पडणारी हडसन नदी याच खोऱ्यातून दक्षिणेला जाते. राज्यातले सर्वांत उंच शिखर, माउंट मार्सी (५,३४४ फूट), इथून पूर्वेच्या बाजूला आहे.

१८२६ मध्ये लुईस एलायजा बेनेडिक्ट या ॲबेनाकी (मूळ अमेरिकी) जमातीच्या माणसाने डेव्हिड हेंडरसन यांना खनिजाचा तुकडा दाखवला आणि पुढे ती जागाही. तिथे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा थर नदीच्या पात्रात आडवा, बांधासारखा पडला होता आणि पाणी त्यावरून उडी घेत होते. खनिज भरपूर, जंगल म्हणजे कोळसा भरपूर. तरी हेंडरसन आणि आर्चिबाल्ड मॅकिंटायर यांचा कारखाना कधी धड चालला नाही.

मुख्य अडचण खनिजात होती. झोतभट्टीत वरून खनिज, लोणारी कोळसा आणि चुनखडी यांचे थर टाकतात. चुनखडी खनिजातली माती-वाळू घेऊन पातळ मळी बनते, ती लोखंडावर तरंगते आणि वेगळ्या तोंडाने काढून टाकता येते. इथल्या मॅग्नेटाइटात इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियम मिसळलेले. त्याने मळी दाट होते. भट्टी जास्त तापवली तर टायटॅनियमचे घट्ट कण तयार होऊन ती आणखीच चिकटते. मग तोंड तुंबते आणि कोळसा वाया जातो. तयार लोखंड चांगले निघे, पण ते बैलगाड्यांनी व घोडागाड्यांनी डोंगराबाहेर न्यावे लागे. रेल्वे नव्हतीच. १८४५ मध्ये पाणी वाढवण्याची सोय पाहायला गेलेले हेंडरसन स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी चुकून सुटल्याने मरण पावले. नवी दगडी भट्टी १८५४ मध्ये पेटली, १८५६ च्या पुराने बांध वाहून गेले, १८५७ च्या सुमारास काम थांबले.

पुढे ही जागा शिकारी क्लबाकडे गेली. १३ सप्टेंबर १९०१ ला उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मार्सीवरून उतरत असताना अध्यक्ष मॅकिन्ली अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रात्रीतून घोडागाड्या बदलत रूझवेल्ट इथून नॉर्थ क्रीक स्टेशनवर पोचले, तेव्हा मॅकिन्ली वारले होते आणि रूझवेल्ट अध्यक्ष झालेले होते.

ज्या टायटॅनियमने भट्टी बुडवली, त्यानेच खोरे पुन्हा गजबजले. पांढऱ्या रंगासाठी लागणारे इल्मेनाइट अमेरिका त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून आणत असे. युद्धामुळे तो समुद्रमार्ग धोक्यात आला, तेव्हा नॅशनल लेड कंपनीने १९४१ मध्ये इथे उघडी खाण सुरू केली. नॉर्थ क्रीकपासून रेल्वेही आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खनिज थेट वसाहतीखाली असल्याने घरे उचलून न्यूकमला हलवली गेली. खाण १९८९ मध्ये बंद पडली. १८५४ ची भट्टी अजून उभी आहे, आणि मार्सीकडे जाणारी एक पायवाट अपर वर्क्सपासूनच सुरू होते.