लेकराचं कौतुक आणि लेकराची नजर

"आई, तू लई भारी!" हे कौतुक. "आई, तू आजींना आधी पाणी देतीस, मगच कागद बघतीस," ही नजर. दोन्ही एकाच तोंडून येतात, म्हणून दोन्हींवर आपण सारखंच हसतो आणि कामाला लागतो. स्वतःचं बळ ओळखायचं असेल तर यांतला फरक कळायला हवा.

कौतुक नात्यातून येतं. त्यानं जीव सुखावतो, खुशाल सुखावू द्यावा. पण आपण काय केलं, हे त्यात नसतं. दुसऱ्यांदा मागितलेला कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, दिला नाही, की सकाळची भारी आई संध्याकाळी वाईट होते.

नजरेत कृती असते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलं माणसाबद्दल सांगताना दिसणाऱ्या गोष्टी सांगतात: तो कसा दिसतो, काय करतो, काय देतो. स्वभावाचे शब्द पुढे येतात. म्हणजे लहान मूल घडलेलं सांगतं, गुणाचं नाव आपण शोधायचं. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलेली २४ गुणांची यादी त्यासाठी कामी येते.

माझंच सांगते. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. मराठी शाळेत शिकलेल्या वडगावातल्या कितीतरी आजींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. पेन्शनचा अर्ज कन्नडात, म्हणून त्या माझ्याकडे येतात. माझ्याजवळ काही असलंच तर ते कन्नड लिहिणं, असं मला वाटायचं. आणि ते तर इथं गल्लोगल्ली येतं.

सहा वर्षांच्या लेकीनं कन्नडचं नावच काढलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या पाहिला होता. मी भरलेला अर्ज मराठीत मोठ्यानं सांगते, आजींचं बोट त्यांच्या नावावर ठेवते, मग सही घेते, हे तिनं क्रमानं सांगितलं. "मग त्या हसत्यात," म्हणाली. मला ते ठाऊकच नव्हतं. तेव्हा माझी मान कागदात असते. यादीत याला दयाळूपणा म्हणतात.

'मी कशी आहे?' असं विचारलं की कौतुकच मिळतं. 'त्या आल्या तेव्हा मी काय केलं?' असं विचारावं. लेकीनं पुढे हेही सांगितलं, की फोन हातात असला की मी तिच्याकडे न बघताच 'हूं' म्हणते. तेही त्याच नजरेनं टिपलेलं, म्हणून तेही खरं धरलं.