बायोस रीसेट केलं की हार्ड डिस्क कोरी होते?

‘मदरबोर्डवरचा सेल काढला की कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलं जातं’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं होत नाही.

तो नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल (बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२) घड्याळ चालू ठेवतो, अनेक बोर्डांवर बायोसची (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्जही. सेल काढला की ही सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात, हेच रीसेट. म्हणजे तारीख, बूटचा क्रम (आधी कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं), रॅमचा वेग. तुमचे फोटो आणि विंडोज असतात ड्राइव्हवर, त्यांचा सेलशी संबंध नाही.

मग भीती कुठून आली? रीसेटनंतर बूटचा क्रम किंवा साटा मोड, म्हणजे ड्राइव्हशी बोलायची पद्धत (एएचसीआय, रेड), बदलू शकतो. विंडोज सुरू होत नाही आणि माणसाला वाटतं, गेलं सगळं! खात्री करायची तर बायोस उघडा. ड्राइव्हचं नाव तिथे सहसा दिसतं, फक्त बूटचा क्रम आणि मोड पूर्वीसारखा करायचा. म्हणून आधीच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

एक खरी अडचण मात्र आहे. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रीसेटनंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती ४८ अंकी असते आणि हाताशी नसेल तर फाइल्स असूनही उघडत नाहीत. ती आधी लिहून ठेवा, बाकी सगळं नंतर.

रीसेट करताना प्लग भिंतीतून काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मदरबोर्डवर ‘सीएलआर सीमॉस’ (सेटिंग्ज पुसा) असं काहीसं लिहिलेल्या दोन पिना मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे जोडा. जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) वापरला असेल तर तो पूर्ववत केल्याशिवाय मशीन चालू करू नका.