जिवंत मॉडेलवरून तैलरंगातील व्यक्तिचित्रण

समोर बसलेल्या किंवा उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत त्याचा चेहरा किंवा संपूर्ण देह तैलरंगात रंगवण्याची पद्धत. छायाचित्र, स्मृती किंवा आधीची रेखाटने यांवर न विसंबता चित्रातले निर्णय प्रत्यक्ष पाहण्यातून घ्यायचे, हा तिचा गाभा. पूर्ण देहाच्या, बहुधा विवस्त्र मॉडेलवरून केलेल्या अभ्यासाला कलाशाळांत ‘लाइफ’ म्हणतात. मॉडेल श्वास घेते, थकते, हलते. तैलरंग मात्र सावकाश वाळतो. या पद्धतीतले बहुतेक नियम या दोन वेगांचा मेळ घालण्यातून जन्मले आहेत.

तैलरंग म्हणजे जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात घोटलेली रंगद्रव्ये. पाणी उडून जाते तसे हे तेल उडत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होते. म्हणून सकाळी लावलेला गालाचा रंग संध्याकाळीही ओला असतो. त्याची कड कोरड्या ब्रशने विरवता येते, न जमलेला भाग खरवडून पुन्हा लावता येतो. कातडीवर उजेड सावलीत जिथे मिसळतो तिथली अर्धछाया इतक्या मऊपणे उतरवणारे माध्यम क्वचितच सापडेल. सगळे रंग सारख्या गतीने वाळत नाहीत. अंबर या तपकिरी मातीरंगात मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग फार वेळ घेतो. पहिले रेखाटन पातळ अंबरने करण्याची जुनी रीत आहे, तिला हे एक चांगले कारण आहे. अनेक थरांत काम करताना खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि वरचे थर अधिक तेलकट ठेवावे लागतात. उलट केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा वाळताना हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

मॉडेलसमोर काम दोन प्रकारे चालते. एकात ओल्यावर ओला रंग लावत चित्र एका बैठकीत पुरे करतात. दुसऱ्यात थर वाळू देत अनेक आठवडे बैठका घेतात. कलाशाळांत साधारण वीस-पंचवीस मिनिटांची पोझ, मग काही मिनिटांची विश्रांती, असा क्रम असतो. विश्रांतीपूर्वी पावलांभोवती, कोपराखाली खडूच्या खुणा करतात, तरीही मॉडेल परतल्यावर पोझ तंतोतंत तीच नसते. पहिल्या काही मिनिटांत मान ताठ असते, नंतर ती खांद्यांत बसते. एका पायावर तोललेल्या देहात कंबर हळूहळू खचते. खाली सोडलेल्या हातात रक्त उतरून तो लालसर होतो. यातली कोणती अवस्था रंगवायची हे लवकर ठरवून तिला धरून राहावे लागते. प्रत्येक बदलामागे धावणाऱ्याच्या चित्रात एकही हात खांद्याला नीट जोडलेला राहत नाही. पोझ धरणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. चांगले मॉडेल वजन कुठे टाकायचे हे जाणून पोझ निवडते, आणि चित्राच्या यशात त्याचा वाटा असतो.

उजेड एकाच बाजूचा आणि स्थिर हवा. म्हणून उत्तर गोलार्धातल्या स्टुडिओंना उत्तरेकडची मोठी खिडकी असते: तिथून थेट ऊन येत नाही, सावल्या सरकत नाहीत. हा उजेड थंड असतो, त्यामुळे सावल्या उबदार दिसतात. ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, मॉडेलच्या शेजारी ठेवून, दोन्ही एकाच मापाची दिसतील अशा ठरावीक जागी उभे राहून तुलना करण्याची पद्धत अनेक शाळांत शिकवतात. कोणत्याही पद्धतीत पहिले काम डोळे किलकिले करण्याचे असते. तसे केल्यावर पापण्या, ओठांच्या रेषा मावळतात आणि उजेडाचे व सावलीचे मोठे आकार उरतात. सुरुवात त्यांपासून करावी. नवशिका डोळ्यांपासून सुरू करतो. डोळा सुंदर उतरतो, पण चुकीच्या जागी. साम्य खरे तर कवटीच्या घडणीत, डोक्याच्या कलात आणि खोबणींच्या सावल्यांत असते. म्हणूनच ओळखीचा माणूस दुरून, नाकडोळे दिसण्याआधीच ओळखू येतो.

त्वचेचा असा एक ठरलेला रंग नसतो. अनेक चेहऱ्यांवर कपाळ पिवळसर, गाल-नाक-कानांचा पट्टा तांबूस, तर पुरुषांत हनुवटीकडचा भाग दाढीच्या खुंटांमुळे करडा-निळसर दिसतो. सावळ्या व काळ्या त्वचेवर चकाकीचे ठिपके अधिक ठळक असतात आणि भोवतालचा रंग उचलतात. खिडकीसमोर ते निळसर होतात. अशी त्वचा नुसते काळे मिसळून रंगवली की निर्जीव होते. पिवळी गेरू, शेंदरी लाल, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा ही चार रंगांची पॅलेट स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखली जाते. तीत निळा नाही, पण उबदार रंगांशेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडा निळा भासतो. शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करणे फार हिताचे. रंग मोजके असले की लक्ष उजेडाच्या पायऱ्यांवर राहते.

समोरच्या माणसाला पाहून रंगवण्याच्या ताकदीचा मोठा पुरावा म्हणजे स्पॅनिश चित्रकार दिएगो व्हेलाझ्केझ याने १६५० मध्ये रोममध्ये केलेली दोन व्यक्तिचित्रे. पोप दहावा इनोसंट याला रंगवण्याआधी सराव म्हणून त्याने आपल्याकडे गुलाम असलेल्या हुआन दे पारेखाचे चित्र केले, असे जुने चरित्रकार सांगतात. पारेखाची सरळ रोखलेली नजर आणि पोपची सावध, तीक्ष्ण नजर सारख्याच तोलाने रंगवल्या आहेत. पारेखाला गुलामीतून मुक्त करण्याचा दस्तऐवज त्याच वर्षी झाला, मात्र तो चार वर्षांनी लागू होणार होता. पुढे तो स्वतः चित्रकार म्हणून काम करू लागला.

लाइफच्या वर्गांतून स्त्रियांना दीर्घकाळ बाहेर ठेवले गेले. लंडनची रॉयल ॲकॅडमी ही कलासंस्था १७६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या चित्रकर्त्री संस्थापक सदस्य होत्या. चित्रकार योहान झोफानी याने काही वर्षांतच विवस्त्र मॉडेलभोवती जमलेल्या सदस्यांचे समूहचित्र काढले. त्यात या दोघी फक्त भिंतीवर टांगलेल्या तसबिरींच्या रूपात आहेत. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी शाळेने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८९७ मध्ये. तोवर १८६८ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमी ज्युलियनसारख्या खाजगी शाळा हाच त्यांचा मार्ग होता. फिलाडेल्फियात कला शिकवणाऱ्या थॉमस एकिन्स याने विद्यार्थिनींसमोर पुरुष मॉडेलचे कमरेचे वस्त्र दूर केले, आणि १८८६ मध्ये त्याला पद सोडावे लागले. पौराणिक किंवा ऐतिहासिक विषयांची, अनेक देहाकृतींची मोठी चित्रे हीच तेव्हा चित्रकाराच्या प्रतिष्ठेची कसोटी होती. देह शिकण्याची वाट बंद ठेवणे म्हणजे त्या चित्रप्रकाराचीच दारे बंद करणे होते, आणि या अन्यायाची किंमत कलेच्या इतिहासाने मोजली आहे.

बैठका किती घ्याव्यात याला मर्यादा नाही. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याने १८९९ मध्ये चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलार याला रंगवताना ११५ बैठका घेतल्या आणि तरी काम अपुरेच सोडले, असे व्होलारने लिहून ठेवले आहे. हातावरचे दोन छोटे ठिपके कोरे राहिले होते. त्यांत चुकीचा रंग भरला तर तिथून सगळे चित्र नव्याने करावे लागेल, असे सेझानचे म्हणणे होते.

छायाचित्रावरून काम करणे स्वस्त आणि सोयीचे असते, पण कॅमेरा एका डोळ्याने पाहतो. गडद सावल्यांतले परावर्तित उजेड तो अनेकदा गिळतो, आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे, कान लहान करतो. दोन डोळ्यांनी पाहणाऱ्याला गालाची वळणारी कड किंचित पलीकडेही दिसते, म्हणून ती मऊ रंगवली जाते. ब्रिटिश चित्रकार लूशियन फ्रॉइड (१९२२–२०११) याने आयुष्याच्या उत्तरार्धात मॉडेलसमोरच, महिनोन्‌महिने काम केले आणि त्वचेसाठी शिशाचा जड, दाणेदार पांढरा रंग वापरला. शिसे विषारी असल्याने हा रंग वापरताना काळजी घ्यावी लागते. नुसती लाकडी जमीन रंगवायची असली तरी मॉडेल खोलीत हजर असावे, असा फ्रॉइडचा आग्रह असे; माणूस तिथे असला की भोवतालच्या वस्तूही वेगळ्या दिसतात, अशी त्याची धारणा होती.