मेंढीच्या पोटातले पहिले तेरा दिवस

मेंढी माजावर आली, नर दाखवला, आणि सोळा-सतरा दिवसांनी परत माजावर आली की आपण म्हणतो उलटली. पण खूपदा गर्भ राहिलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जातो, साधारण २० ते ३० टक्के गर्भ असे जातात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. हे का होतं, याचा शोध बराच जुना आहे.

१९६६ मधे केंब्रिजला मूर आणि रोसन यांनी रिकाम्या मेंढ्यांच्या गर्भाशयात वेगवेगळ्या दिवशी गर्भ सोडून पाहिले. बाराव्या दिवसापर्यंत सोडलेला गर्भ टिकायचा, त्यानंतरचा नाही. म्हणजे बारा-तेरा दिवसांत गर्भाने "मी आहे" असं आईला कळवावंच लागतं, नाहीतर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडतं, त्याने अंडाशयातला पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) विरतो, गर्भ टिकवणारं हे प्रोजेस्टेरॉन हार्मोन पडतं आणि खेळ खलास!

मग कळवतो कसा? फ्रान्समधे १९७९ ला, फ्लोरिडात १९८२ ला गर्भातून निघणारं एक प्रोटीन सापडलं, आणि १९८७ मधे त्याची रचना समजली तेव्हा सगळे चाट पडले, कारण ते निघालं इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या प्रोटीनचं भावंड. ऑक्सिटोसिन हे हार्मोन गर्भाशयातल्या ज्या रिसेप्टरना (पकडणाऱ्या जागांना) चिकटून प्रोस्टाग्लँडिन सोडायला लावतं, ते रिसेप्टर हे प्रोटीन तयारच होऊ देत नाही, म्हणून पीतपिंड वाचतो.

आता खरी गंमत इथे आहे, असं मला तरी वाटतं. निरोप द्यायचा तर गर्भ मोठा हवा. अकराव्या दिवसापर्यंत जेमतेम दिसणारा गोळा पंधरा-सोळाव्या दिवशी वीतभर लांब दोरा झालेला असतो, आणि नाळ अजून नीट चिकटलेली नसताना हे सगळं तो गर्भाशयाच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या रसावर करतो. टेक्सासमधे स्पेन्सर, बेझर यांच्या टीमने कोकरं लहान असतानाच हार्मोन देऊन या ग्रंथी वाढूच दिल्या नाहीत, तर त्या मेंढ्यांत गर्भ लांबलेच नाहीत आणि टिकलेही नाहीत (२००१). पुढे बेझर आणि वू यांनी तो रस तपासला, तर गाभण मेंढीत दहाव्या दिवसानंतर आर्जिनिन, ल्युसिन, ग्लुटामिन ही अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) भरभर वाढतात. आर्जिनिन मिळालं की गर्भाच्या पेशीतला एमटॉर नावाचा स्विच चालू होतो आणि पेशी वाढायला लागतात. २०१४ मधे गर्भातला आर्जिनिन आत घेणारा दरवाजाच बंद करून पाहिला तर गर्भ खुरटले.

हे वाचून लगेच नर दाखवल्यावर खुराक दुप्पट करू नका. ऑस्ट्रेलियात १९८७ मधेच दिसलं होतं की सुरवातीच्या दिवसांत जास्त चारलेल्या मेंढ्यांचं प्रोजेस्टेरॉन घटतं आणि गाभण राहण्याचं प्रमाणही, कारण यकृताकडे रक्त जास्त जातं आणि ते हार्मोन लवकर निकामी होतं. खुराक वाढवायचा तो नर दाखवायच्या आधी दोन-तीन आठवडे, नंतर पोटापुरतं.